पडल्यावर परत यायचं कसं? अंतःकरणाची राखण, पापकबुली आणि क्षमा

पायवाट
सर्वांना सलाम. उपवासकाळात तरुण संघासाठी चार बैठका घ्यायच्या आहेत, विषय नीतिसूत्रे ४:२३ (बायबलमधलं "अंतःकरण राख" हे वचन). "मन जपा" हे आपल्याकडे दर दुसऱ्या उपदेशात येतं. पण जपायचं म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. आणि जपूनही पाय घसरला तर पुढे कुठल्या क्रमाने काय करायचं, यावर तर सगळीकडे शांतता. साक्षींसाठी, म्हणजे स्वतःच्या अनुभवांसाठी, वेगळा धागा आहे, कृपया त्या तिकडेच लिहा. इथे पद्धत, वचनं आणि कुठे चुकतं एवढंच येऊ द्या.

सुरुवात माझ्या टिपणापासून. २३वं वचन एकटंच काढून कॅलेंडरवर छापतात, त्यामुळे आजूबाजूचं सुटून जातं. २०व्या वचनात कान आहे, २१व्यात डोळे, २४व्यात तोंड, २५व्यात पुन्हा डोळे, २६-२७ मध्ये पाय. बाप मुलाला अंतःकरण राख म्हणतो आणि लगेच सांगतो ते शरीराबद्दल. कारण साधं आहे. "आजपासून हेवा वाटू देणार नाही" असं ठरवून हेवा थांबत नाही. पण काय ऐकायचं, काय बघायचं, काय बोलायचं आणि कुठे जायचं हे बरंचसं आपल्या हातात असतं.

म्हणून पहिल्या बैठकीत प्रत्येकाला या चारांपैकी एकच निवडायला सांगायचा विचार आहे. चारही एकदम घेतले की बुधवारपर्यंत सगळेच सुटतात. निवडलेलं कृतीच्या भाषेत लिहायचं. "वाईट बोलणार नाही" हे चालणार नाही. "मंडळीतल्या कुणाबद्दल, तो समोर नसताना, जे त्याच्या तोंडावर बोलू शकणार नाही ते बोलणार नाही" हे चालेल, कारण रात्री हे पाळलं की नाही ते सांगता येतं.

यात भर घाला. दुसरा प्रश्न पडल्यानंतरचा, तो जास्त महत्त्वाचा आहे.

जुना_करार
पायवाटदादा, कान-डोळे-तोंड-पाय हे चांगलं आहे. त्याला २ शमुवेल ११ जोडा. तो अध्याय बहुतेक वेळा "बघा, दावीदसुद्धा पडला" एवढ्यावर संपवतात. खरं तर तिथे पायरी पायरी दिलेली आहे.

राजे लढाईला जातात त्या दिवसांत दावीद राजा घरी राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर गेला. स्त्री दिसली. इथपर्यंत कुणी दोष देणार नाही. मग त्याने चौकशी करवली. चौकशीत उत्तर मिळालं की ती त्याच्याच सैन्यातल्या उरीयाची बायको. ही पहिली ठळक थांबण्याची जागा होती आणि ती देवाने माणसाच्या तोंडून दिली होती. तो थांबला नाही. पुढचं पाप पहिल्याला झाकण्यासाठी आहे: उरीयाला घरी पाठवायचा प्रयत्न, तो फसल्यावर त्याला दारू पाजून दुसरा प्रयत्न, तोही फसल्यावर सेनापती यवाबाला उरीयाला मारवण्याची चिठ्ठी, आणि ती चिठ्ठी उरीयाच्याच हातात.

तरुणांना हा अध्याय वाचायला देऊन एकच काम सांगा: जिथे जिथे तो मागे फिरू शकला असता तिथे पेन्सिलने खूण करा. खुणा बऱ्याच होतात, आणि निम्म्याहून जास्त पहिल्या पापानंतरच्या असतात. झाकाझाक हे वेगळं पाप आहे आणि ते पहिल्यापेक्षा महाग पडतं. व्यभिचारापासून सुरू झालेलं खुनापर्यंत गेलं ते झाकताना.

आणखी एक. नाथान संदेष्टा जाब विचारायला आला तेव्हा मूल जन्मलेलं होतं. म्हणजे मधे नऊ महिने तरी गेले. त्या काळात दावीद राज्य करत होता, न्याय देत होता, उपासनेलाही जात असेलच. स्तोत्र ३२ मध्ये गप्प राहिल्याने हाडं झिजली असं आलंय, ते कुठल्या प्रसंगाचं हे मथळ्यात नाही, पण या नऊ महिन्यांशेजारी ठेवून वाचावं.

मीठमिरची
फोनचं काय? बैठकीत पहिला प्रश्न तोच येणार, पैजेवर सांगते.

पायवाट
येणारच. लिहा कुणीतरी.

ओलिव्ह
फोनबद्दल. ब्लॉकर लावणं चांगलं, पण त्याचा पासवर्ड स्वतःकडेच असेल तर तो ब्लॉकर नव्हे. पासवर्ड दुसऱ्याला टाकायला सांगा. मुलग्यांनी मोठ्या भावाला, मुलींनी बहिणीला किंवा आईला. फोन रात्री झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला. गजरासाठी साधं घड्याळ घ्या, कारण "गजर लागतो म्हणून उशाशी ठेवतो" इथूनच सगळं परत सुरू होतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे वेळ ओळखणं. पडणारा माणूस सहसा ठरावीक वेळीच पडतो: उपाशी, थकलेला, एकटा, चिडलेला किंवा नुसता कंटाळलेला असताना. दोन आठवडे फक्त वार, वेळ आणि त्याआधीच्या तासात काय झालं हे लिहा, दुसरं काही करू नका. नमुना दिसू लागतो. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला आधी भाकरी-पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा खायला देतो. काम काय ते त्यानंतर. काही मोहांवरचा पहिला उपाय जेवून दहाला झोपणं हाच असतो, आणि ते सांगायला पाळकांना का संकोच वाटतो कळत नाही.

रिकामी जागा भरायला विसरू नका. मत्तय १२:४३-४५ मधलं घर झाडून-सजवून ठेवलेलं होतं, त्यात राहायला मात्र कुणी नव्हतं. फोन काढून घेतलेला तास तसाच मोकळा ठेवला तर आठवडाभरात तो परत जुन्या ठिकाणी जातो.

शिकवणारी_ताई
फोनवरच अडकू नका रे. मार्क ७:२१-२२ मधली यादी वाचा: जारकर्म आहेच, पण त्याच यादीत लोभ, कपट, हेवा, निंदा, गर्वही आहे. तरुण संघात पहिल्यावर चार बैठका होतात आणि मंडळीच्या निवडणुकीत बाकीच्या पाचांचं प्रदर्शन भरतं. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने माणसाला छळणारे आठ विचार मांडले: खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, आध्यात्मिक कंटाळा, वाहवेची हाव आणि गर्व. प्रत्येक विचाराला उत्तर म्हणून त्याने पवित्र शास्त्रातली वचनं गोळा केली. प्रभू येशूने रानात सैतानाच्या मोहाला तीन वेळा अनुवाद या पुस्तकातूनच उत्तर दिलं (८:३, ६:१६, ६:१३), तोच नमुना.

करून बघण्यासारखं: आपल्याला नेहमी नडणारा एक विचार निवडा, त्याला तीन वचनं शोधा, पाठ करा. पाठच करा. मोह आल्यावर बायबल अ‍ॅप उघडायला गेलात तर फोन हातात आलाच. रागावर याकोब १:१९-२० आणि नीतिसूत्रे १५:१, लोभावर इब्री १३:५, असं.

आणि विचार आला म्हणजे पाप झालं नव्हे. विचार येणं, त्याच्याशी गप्पा मारत बसणं, त्याला होकार देणं, मग कृती आणि कृतीची सवय, अशा पायऱ्या जुन्या संन्याशांनी वेगवेगळ्या मोजल्या. याकोब १:१४-१५ मध्येही वासना, मग तिचा गर्भ, मग पापाचा जन्म असाच क्रम आहे. मुलांना हे सांगितलं नाही तर पहिल्याच पायरीवर "मी पडलोच आहे, आता पुढे गेलो तर काय फरक" म्हणून ती खाली उतरतात.

वसईकर
कॅथोलिक बाजू लिहितो. आमच्याकडे हे सगळं बऱ्यापैकी बांधलेलं आहे, तुम्हाला वापरता येईल ते घ्या.

रोजचं आत्मपरीक्षण. संत इग्नेशियसने "आध्यात्मिक साधना" मध्ये पाच टप्पे दिलेत: देवाचे आभार, आपली पापं दिसावीत म्हणून कृपेची मागणी, उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने पाहणं (विचार, मग शब्द, मग कृती), क्षमा मागणं, आणि उद्यासाठी सुधारणेचा निश्चय. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. लोक आभारांचा टप्पा गाळतात आणि थेट चुका मोजायला बसतात. मग पंधरवड्यात हे नकोसं होतं आणि सुटतं. आभार पहिले आहेत ते उगाच नाहीत.

दुसरा प्रकार एकाच दोषापुरता. सकाळी उठल्यावर त्या दोषाविरुद्ध निश्चय, दुपारच्या जेवणानंतर एक तपासणी, रात्रीच्या जेवणानंतर दुसरी. कागदावर प्रत्येक दिवसाच्या दोन रेघा: वरच्या रेघेवर दुपारपर्यंत जितक्या वेळा पडलो तितके ठिपके, खालच्या रेघेवर दुपारपासून रात्रीपर्यंतचे. रात्री दोन रेघांची तुलना, दुसऱ्या दिवशी कालच्याशी, आठवड्याने मागच्या आठवड्याशी. आणि पडल्याक्षणी छातीवर हात ठेवून मनात पश्चात्ताप. चारचौघांतही कुणाला कळत नाही. मला या सगळ्यात हा हात सर्वांत मोलाचा वाटतो. पडणं आणि परत वळणं यांत रात्रीपर्यंतचंही अंतर राहत नाही.

आता पापनिवेदन, म्हणजे कन्फेशन (गोव्यात कुमसार). वर्षातून किमान एकदा हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा. गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर, पूर्ण जाणीव, आणि स्वेच्छेने होकार. अशी पापं प्रकार आणि संख्या सांगून कबूल करायची. "माझ्याकडून चुका होतात फादर" हे निवेदन नव्हे. "खोटं बोललो, आठवड्यातून दोन-तीनदा, त्यातलं एक दुसऱ्याची नोकरी धोक्यात आणणारं" हे निवेदन. अंदाजे संख्या चालते. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, बायकोची किंवा सासूची पापं सांगायची नाहीत, कारणमीमांसेचं भाषण करायचं नाही. प्रामाणिकपणे विसरलेलं पापही क्षमेत येतं, आठवलं की पुढच्या वेळी सांगायचं. मुद्दाम लपवलं तर मात्र ते निवेदनच धरलं जात नाही. दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी उरकावं, नाहीतर विसरतं.

धर्मगुरू ऐकलेलं कुणालाही, कुठल्याही कारणाने सांगू शकत नाही. थेट फोडलं तर तो आपोआप बहिष्कृत होतो.

पाळकांचा_पुतण्या
वसईकर, सगळं शिस्तीचं आहे, पण मूळ प्रश्न राहतो. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, १ तीमथ्य २:५. मग मधे पडदा आणि जाळी कशाला?

वसईकर
याकोब ५:१६ (एकमेकांजवळ पापं कबूल करा) आणि योहान २०:२३ (ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा होईल) साठी. पण हा वाद चारशे-पाचशे वर्षांचा आहे, या धाग्यावर मिटायचा नाही. तुम्हा प्रॉटेस्टंटांकडे याकोब ५:१६ कसं पाळतात ते लिहा ना.

मीठमिरची
पाळत नाहीत, हेच उत्तर आहे :)

जुना_करार
मीठमिरचीताईंचं बोलणं लागलं तरी खोटं नाही. प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षरसाच्या) विधीत सगळे मिळून पापांगीकार म्हणतात, तो चांगलाच आहे, पण तो बहुवचनात असल्यामुळे त्यामागे लपता येतं. देवाजवळ एकट्याने केलेली कबुली क्षमेला पुरेशी आहे, यावर मी ठाम आहे. १ योहान १:९ मध्ये तिसऱ्या माणसाची अट नाही. दुसऱ्या माणसाजवळची कबुली लागते ती गुप्ततेची पकड सोडवण्यासाठी. जे पाप अंधारात वाढतं ते अंधारातल्या प्रार्थनेने बऱ्याचदा सुटत नाही.

कुणाजवळ: स्वतःच्याच लिंगाची, विश्वासात मुरलेली, तोंड बंद ठेवणारी एक व्यक्ती. त्याच पापात सध्या झगडणारा मित्र नको. दोघं मिळून एकमेकांना समजूत घालतात. जिच्याविरुद्ध पाप झालं त्या व्यक्तीची भेट ही तर वेगळीच, तिची गल्लत करू नका. आणि कुणाबद्दल मनात वाईट विचार आला म्हणून त्याच्यापाशी जाऊन "मी तुमचा हेवा करत होतो" सांगणं ही कबुली नव्हे, ओझं त्याच्या डोक्यावर टाकणं आहे. त्याला काही ठाऊक नव्हतं, आता रात्रभर झोप नाही.

किती: नाव घेऊन, गोडवा न लावता, पण तपशील कमी. लैंगिक पापाचं वर्णन करायचं नाही, ऐकणाऱ्यानेही विचारायचं नाही.

ऐकणाऱ्याने काय करायचं: गलती ६:१, सौम्यतेने आणि स्वतःवर नजर ठेवून. ऐकून झाल्यावर क्षमेचं वचन मोठ्याने वाचून दाखवायचं. हे विसरतात. कबुली होते, रडणं होतं, चहा होतो आणि "देव तुला क्षमा करतो" हे वाक्य कुणी उच्चारतच नाही. तेवढ्यापुरतं वसईकरांकडे बरं आहे, तिथे ते वाक्य चुकत नाही.

एक अपवाद स्पष्ट सांगतो. समुपदेशनात अठरा वर्षांखालच्या मुलावरचा लैंगिक अत्याचार समोर आला तर तो "मंडळीत मिटवायचा" विषय नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पश्चात्ताप खरा असला तरी.

पायवाट
हे अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं. आता अवघड प्रश्न. कबुली झाली, वचन पाठ आहे, तरी "क्षमा झाली असं वाटतच नाही" म्हणणारे निम्मे असतात. त्यांना काय सांगायचं?

शिकवणारी_ताई
आधी विचारायचं की कुठल्या पापाबद्दल. उत्तर नेमकं आलं ("आईच्या सहीची खोटी चिठ्ठी दिली") तर ते बहुधा आत्म्याचं काम, आणि त्यात पुढे करण्यासारखं काहीतरी असतं: कबुली, भरपाई, माफी. उत्तर धूसर आलं ("मीच वाईट आहे, देवाला माझा कंटाळा आला असेल") तर तो आरोप करणाऱ्याचा, म्हणजे सैतानाचा आवाज, प्रकटी १२:१० मधला. त्यात करण्यासारखं काही नसतं, फक्त लपायला सांगितलेलं असतं. जखऱ्या ३ मध्ये महायाजक यहोशवाची वस्त्रं खरंच मळलेली आहेत. सैतान त्या बाबतीत खोटं बोलत नाही. तरी परमेश्वर त्यालाच धमकावतो आणि वस्त्रं बदलायला लावतो.

यहूदा आणि पेत्र शेजारी ठेवा. एकाच रात्रीतली दोन अपयशं: एकाने येशूला धरून दिलं, दुसऱ्याने त्याची ओळख नाकारली. मत्तय २७:३-५ मध्ये यहूदाला पस्तावा होतो, तो कबुलीही देतो, पैसेही परत टाकतो. आपल्या यादीतल्या तीन गोष्टी त्याने केल्या! पण तो याजकांकडे गेला आणि ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. तिथून तो एकटा निघाला. पेत्र नुसताच रडला, पण रविवारी सकाळी तो बाकीच्यांबरोबर होता. मार्क १६:७ मध्ये "शिष्यांना आणि पेत्राला सांगा" असा वेगळा निरोप आहे, लूक २४:३४ प्रमाणे प्रभू त्याला एकट्याला आधी भेटला, आणि चारचौघांतलं "माझ्यावर प्रीती करतोस काय" तीनदा, तेही कोळशाच्या विस्तवाजवळ, ते त्यानंतर. नाकारलं होतं तेही कोळशाच्या विस्तवाजवळच. खासगी भेट आधी, जाहीर उभारणी नंतर. आपण उलटं करतो: पोराला आधी माइक देतो.

म्हणून "वाटत नाही" म्हणणाऱ्याला एवढंच सांगायचं की वाटेपर्यंत मंडळीतून उठून जाऊ नकोस. १ योहान ३:२० मध्ये आपलं अंतःकरण आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव त्याहून मोठा आहे असं आहे. वाटण्याला तिथे शेवटचा शब्द दिलेला नाही.

आणि कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच वेळी घरच्यांना सांगायचं. टेली मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, फोन फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

ओलिव्ह
ताईंच्या म्हणण्याला जोड. एक गट असा असतो की त्याला दिलासा देऊन उपयोग होत नाही, उलट बिघडतं. तेच पाप दहादा कबूल करणं, प्रार्थनेतला एक शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून म्हणणं, निंदेचे विचार मनात घुसतात म्हणून घाबरणं, "मला क्षमा झाली ना?" हे रोज वेगवेगळ्या माणसांना विचारणं. इग्नेशियसलाच १५२२ मध्ये मानरेसा इथे हे झालं होतं, जीव द्यावा इथपर्यंत. जुनी पापं पुन्हा कबूल करायची नाहीत, असं ठरवल्यावर सुटका सुरू झाली.

जुना नियम आजही बरोबर आहे: मार्गदर्शक एकच, त्याचा निर्णय पाळायचा, कबूल झालेलं पुन्हा उकरायचं नाही. आजच्या भाषेत हे बऱ्याचदा ओसीडी असतं, म्हणजे नको ते विचार घुसत राहण्याचा आणि तेच तेच पुन्हा करण्याचा मानसिक आजार. मानसोपचारतज्ज्ञाकडे औषधं आहेत, आणि अशी थेरपी आहे ज्यात भीती सहन करत विधी न करायला शिकवतात. पाळकाने दर वेळी नव्याने खात्री देणं म्हणजे त्या विधीत सामील होणं. अशा मुलाला वसईकरांचा ठिपक्यांचा कागद अजिबात देऊ नका.

वसईकर
मान्य. नको.

पाळकांचा_पुतण्या
मार्क ३:२९, अक्षम्य पाप, म्हणजे पवित्र आत्म्याची निंदा? हा प्रश्न हमखास येतो.

शिकवणारी_ताई
पुढचंच वचन वाचायला सांग. समोर डोळ्यांदेखत माणसं बरी होत असताना शास्त्री म्हणत होते की हे बालजबूलचं काम, म्हणून ते बोललं गेलं. जाणूनबुजून उजेडाला अंधार म्हणत राहणं. "माझ्याकडून ते झालं असेल का" म्हणून जो रडतोय तो त्या शास्त्र्यांच्या रांगेत नाही.

मीठमिरची
आता पैशाचं बोला. संघाच्या सहलीचे पैसे कुणी वापरले, पश्चात्ताप झाला, प्रार्थना केली. संपलं?

जुना_करार
नाही संपलं. लेवीय ६:१-७: फसवून घेतलेलं पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा, आणि ते दोषार्पणाच्या दिवशीच. म्हणजे दहा हजार घेतले तर बारा हजार. गणना ५:८ मध्ये ज्याचे पैसे तो मेला आणि जवळचा नातलगही नसेल तर ते परमेश्वराला, याजकाकरता. म्हणजे "आता घेणारा नाही" ही सबब तिथेच बंद केलेली आहे. जकातदार जक्कयाने चौपट परत करीन म्हटलं ते मेंढरू चोरल्याच्या दंडाइतकं (निर्गम २२:१), स्वतःहून. तारण या भरपाईने मिळत नाही. येशू त्याच्या घरी आधी गेला, पैशाचं बोलणं नंतर निघालं.

पैसे अर्पणाच्या पिशवीत गुपचूप टाकून मोकळे होऊ नका. हिशेब चुकलेलाच राहतो आणि संशय खजिनदारावर राहतो. पाळक आणि खजिनदार दोघांसमोर रक्कम द्यावी, नोंद व्हावी. एकदम जमत नसेल तर महिन्याचा हप्ता लिहून द्यावा.

वसईकर
इथे थोडा वेगळा विचार. आमच्या शिकवणीत भरपाई सक्तीची, पण स्वतःची बदनामी करून घेणं सक्तीचं नाही. नाव न सांगता धर्मगुरूच्या हस्ते मालकाला पैसे पोचवता येतात. अट एकच: दुसऱ्या कुणावर आळ आला असेल तर तो दूर करावाच लागतो, मग नाव बाहेर आलं तरी चालेल.

जुना_करार
ही अट असेल तर माझी हरकत नाही.

पाळकांचा_पुतण्या
थांबा. देवाने क्षमा केली, पैसे भरले, तर मग त्याला परत खजिनदार करायला काय हरकत? नाहीतर कृपेला अर्थ काय राहिला?

जुना_करार
तीन वेगळे हिशेब आहेत, ते एकत्र केले की गोंधळ होतो. देवाची क्षमा, दुखावलेल्या माणसाची क्षमा, आणि पद. २ शमुवेल १२:१३ मध्ये दावीदाच्या एका वाक्याच्या कबुलीवर नाथान लगेच सांगतो की परमेश्वराने पाप दूर केलं. आणि लगेच पुढे परिणामही सांगतो, ते टळत नाहीत.

मंडळीने हा प्रश्न फार लवकर सोसलाय. इ.स. २५० मध्ये सम्राट देसियसने सगळ्यांना देवांना यज्ञ करून दाखला घ्यायला लावलं. असे काही दाखले मिसरात पपायरसवर सापडलेतही. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला, काहींनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर सगळे परत दारात. रोममध्ये नोव्हाटियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, मंडळीने यांना परत घेऊच नये. उलट काही जण म्हणत होते, लगेच घ्या. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी आणि २५१ च्या परिषदेने मधली वाट काढली: फक्त दाखला घेतलेल्यांना एकेक प्रकरण पाहून परत, यज्ञ केलेल्यांना दीर्घ पश्चात्ताप आणि मरणाच्या दारी प्रभुभोजन. पुढे नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा पश्चात्तापात टिकलेल्या सगळ्यांनाच आत घेतलं, कारण लढाईवर उपाशी पाठवायचं नव्हतं. पडलेल्या बिशपांना मात्र सामान्य सभासद म्हणूनच घेतलं, बिशप म्हणून नाही. ३२५ च्या नायसिया परिषदेने, जबरदस्तीशिवाय पडलेल्यांना, तीन वर्षं श्रोत्यांत, सात वर्षं दंडवत घालणाऱ्यांत आणि दोन वर्षं प्रभुभोजन न घेता प्रार्थनेत, असा बारा वर्षांचा क्रम लावला. मरणाऱ्याला मात्र प्रभुभोजन नाकारायचं नाही.

बारा वर्षं आज कुणी लावणार नाही, लावूही नयेत. २ करिंथ २:६-८ मध्ये पौल म्हणतो की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला जवळ करा, नाहीतर दुःखाने तो गिळला जाईल. पण आपल्याकडे दोनच टोकं उरलीत. गरीब घरच्या पोरीला लग्नाआधी दिवस गेले तर तिला उभं करून माफी मागायला लावतात, आणि गाणाऱ्या पुढाऱ्याचं प्रकरण झालं तर दोन रविवार "विश्रांती". १ तीमथ्य ५:२० वडिलांबद्दल आहे: पाप करत राहणाऱ्या पुढाऱ्याला सर्वांसमोर दोष द्यायचा. जाहीरपणा पदाबरोबर वाढतो, गरिबीबरोबर नाही.

पाळकांचा_पुतण्या
खजिनदारीचा मुद्दा मागे घेतो. पण मग त्याला काम काहीच नको का?

शिकवणारी_ताई
काम हवंच, पैशाशिवायचं. खुर्च्या, स्वयंपाक, आजाऱ्यांच्या भेटी. स्तोत्र ५१ चा क्रम बघ: दयेची याचना, कबुली, शुद्धीकरण, नवं अंतःकरण, आनंद परत, आणि मग १३व्या वचनात इतरांना शिकवणं. लोक चौथ्या वचनावरून तेराव्यावर उडी मारतात. आणि लक्षात ठेव, परत उभा केलेला पेत्र अंत्युखियात माणसांना भिऊन पुन्हा ढळला, गलती २:११-१४. विस्तवाजवळ जी भीती होती तीच. जुनी कमजोरी क्षमेने नाहीशी होत नाही, म्हणून तिथली राखण कायम.

पायवाट
शेवटचं विचारतो, कारण मुलं हेच विचारतात. शनिवारी रात्री पडलो, रविवारी प्रभुभोजन आहे. घ्यायचं की बसून राहायचं?

वसईकर
आमच्याकडे गंभीर पाप असेल तर आधी पापनिवेदन, मग ख्रिस्तप्रसाद. मिस्सेआधी अर्धा तास फादरांना गाठा, बहुतेक ठिकाणी मिळतात. नाहीच जमलं तर रांगेत जाऊ नका, पण मिस्सेला या.

जुना_करार
आमच्याकडे १ करिंथ ११:२८. तिथे परीक्षा करून मग खावं असं आहे, परीक्षा करून बसून राहावं असं नाही. करिंथात गुन्हा होता तो श्रीमंतांनी गरिबांची वाट न पाहता खाणं. म्हणून शनिवारी रात्रीच देवापाशी कबुली, आणि कुणाशी वाकडं असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे सकाळी उपासनेआधी त्याला फोन. त्याने उचलला नाही तरी मेसेज टाका, आणि या.

मीठमिरची
आणि तो मेसेज "सॉरी if काही वाटलं असेल तर" छाप नको. काय केलं ते लिहायचं.

पायवाट
घेतलं टिपून. पहिल्या बैठकीचा कागद उद्या इथेच टाकतो, चुका काढा.